बारा वर्षांची चाकरी

भिवंडीला लागून वळ, राहनाळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर ही गावे आहेत. आज त्यांची ओळख गोदामांनी सांगितली जाते. गोदामे येण्यापूर्वी ठाणे जिल्ह्याचा हा सगळा पट्टा भाताचा होता, आणि कापणी झाली की मोकळ्या खाचरांत घाटावरून उतरलेले धनगरांचे वाडे दिसत. शेजारून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाट चढून नाशिकमार्गे मालेगावला पोचतो. मालेगावजवळ गिरणेच्या काठी चंदनपुरी आहे. परंपरेने हे बाणाईचे गाव, खंडोबाच्या धनगर बायकोचे माहेर. आगरी-कोळी समाजातल्या ज्या अनेक घरांचे कुळदैवत खंडोबा आहे, त्यांच्या देव्हाऱ्यातल्या घोड्यावर बसलेल्या देवाची एक सासुरवाडी याच रस्त्याच्या वरच्या टोकाला आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा, हातात खड्ग घेतलेला, ज्याला मरण नाही असा हा योद्धा एका मेंढपाळ मुलीसाठी बारा वर्षे मेंढरे राखतो. या गोष्टीकडे भाविकांनी लीला म्हणून पाहिले, अभ्यासकांनी दैवतकथा म्हणून आणि मालिकावाल्यांनी प्रेमकथा म्हणून. माझे म्हणणे असे की ती एका जुन्या व्यवहाराची नोंद आहे आणि तो व्यवहार बरोबरीचा होता. बाणाई माणूस राहते तोवरच ही नोंद वाचता येते. तिला देवी केले की ती पुसली जाते, आणि तिच्या लग्नाची नक्कल करून जिवंत मुली देवाला वाहिल्या गेल्या तेव्हा ती उलटी वाचली गेली.

खंडोबाच्या जागरणात देवाला वाहिलेले वाघ्या-मुरळी दिमडी आणि तुणतुण्यावर ही कथा लावतात. जेजुरीच्या गडावर खंडोबा आणि त्याची पहिली बायको म्हाळसा सारीपाट खेळतात. देव हरतो आणि पैजेप्रमाणे बारा वर्षे घर सोडतो. तो जातो तो बानूच्या, म्हणजे बाणाईच्या, वाड्यावर. तिथे तो देव म्हणून जात नाही, राजा म्हणूनही जात नाही. वेष पालटून तो चाकर होतो. धनगराच्या घरी जे काम सर्वांत खालचे ते त्याच्या वाट्याला येते. मेंढरे चारायची, कोकरे सांभाळायची, वाडा झाडायचा, पडेल ते करायचे. पुढे एके दिवशी तो कळपातली सगळी मेंढरे मारतो आणि बानू आपल्याला दिली तरच ती उठवीन असे तिच्या बापाला सांगतो. मेंढरे उठतात, लग्न होते. जेजुरीच्या वाटेवर तो तिला आपली खरी ओळख देतो, आणि गडाच्या पायथ्याशी पोचताच म्हाळसेचा संताप दोघांना सामोरा येतो. येथून पुढे गाणी सवतींच्या भांडणाची आहेत. म्हाळसा बानूच्या अंगाचा मेंढरांचा वास, तिचे मांसाचे खाणे, तिची जात काढते. बानूही मागे सरत नाही, आपल्या कळपाचा आणि कष्टाचा दाखला देते. श्रोते कोणाची बाजू घेतात ते गाव आणि घर पाहून ठरते, पण हरलेली बाजू म्हणून बानू कोणत्याच गाण्यात गप्प बसत नाही.

या कथेत चाकरीला इतकी जागा का मिळाली? देवाने मुलगी पळवून नेली असती तरी कथा पूर्ण झाली असती. पुराणांत अशा पळवापळवीची कमतरता नाही. रूप दाखवून तिला मोहात पाडता आले असते. तसे न होता देव राबतो, कारण गाणाऱ्यांच्या ओळखीच्या जगात मुलगी मिळवण्याची एक रीत हीच होती. नवरदेवाने सासऱ्याच्या घरी ठरलेला काळ राबायचे आणि त्या श्रमाच्या बदल्यात लग्न व्हायचे, ही घरजावयाची पद्धत महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत होती. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर ज्या घराला देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, परवडत नाही त्या घरचा मुलगा आजवर हाच मार्ग धरत आला. म्हणजे चंदनपुरीत येणारा देव धनगरांच्या घरी धनगरी कायद्याने येतो. त्याचे अमरत्व, त्याचे सैन्य, त्याचा घोडा यांतले काहीही तिथे चलनात नाही. वाड्यावर मोजला जातो तो कळप आणि कळपामागे चालणारा माणूस.

यामागचा व्यवहार कोकणातल्या भातशेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नसे. पावसाळा सरला की घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत. शेतकरी त्यांना आपल्या खाचरात मेंढरे बसवायला बोलावी. रात्रभर पडलेल्या लेंड्या आणि मूत यांचे पुढच्या भाताला खत होई, आणि त्याच्या मोबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळत. कोणाच्या शेतात किती रात्री बसायचे, बदल्यात काय घ्यायचे, हे दरवर्षी बोलून ठरे. शेतकऱ्याकडे जमीन होती म्हणून तो मोठा आणि धनगराकडे जमीन नव्हती म्हणून तो आश्रित, असा हा संबंध नव्हता. खताशिवाय शेत अडत होते आणि चाऱ्याशिवाय कळप. देशावर हीच देवघेव शतकानुशतके चालली. तिच्याबरोबर लोकर होती, घोंगडी होती, लढाईच्या काळात डोंगरवाटांची माहिती होती. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या गोळा केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरच्या त्याच्या १९७६ च्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की या देवांची लग्ने बहुधा दोन जगांत वाटलेली असतात. एक बायको स्थिर वस्तीची, बाजार आणि शेतीच्या जगातली, आणि दुसरी रानातली, कळपाच्या मागची. खंडोबाची म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची मुलगी आणि बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. देव या दोघींच्या मध्ये उभा आहे आणि दोन्ही घरचा जावई आहे.

गडाची रचना हेच सांगते. जेजुरीच्या मुख्य देवळात देवाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचे देऊळ पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर लागते. गाण्यात याचे कारण साधे दिले आहे: दोघींचे पटेना म्हणून देवाने एकीला वरचा आणि एकीला खालचा वाडा दिला. पण यात्रेच्या चालीरीतींत या वाटणीला वजन आहे. वर गडावर पुरणपोळीचा आणि चंपाषष्ठीला वांग्याच्या भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. बकऱ्याचा मान देवळाबाहेर दिला जातो. दोन स्वयंपाक, दोन उंची, एक देव. धनगर भक्तांना हा अपमान वाटला असता तर त्यांनी जेजुरी सोडली असती. घडले उलट. १८व्या शतकात धनगर समाजातून उभे राहिलेले मल्हारराव होळकर आणि त्यांचे वारस यांनी गडाच्या बांधकामावर मुक्तहस्ताने खर्च केला. ज्याने आपल्या घरी चाकरी केली त्या देवाचा गड बांधताना त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते, ते जावयाचे घर बांधत होते. पुढे या दोन बायकांच्या जोडीला फुलाई माळीण, रंभाई शिंपीण आणि मुसलमान मानली गेलेली चंदाई अशी नावे येतात. प्रत्येक समाज आपली एक लेक देऊन देवाशी सोयरीक जोडतो. महाराष्ट्राबाहेरही हीच मांडणी आहे. कर्नाटकात मैलाराची एक बायको कुरुब मेंढपाळांची, तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाला मेडलम्मा आणि केतम्मा, आणि त्यांतली केतम्मा पशुपालकांची. तमिळ मुलखात युद्धदेव मुरुगन याची एक बायको देवसेना इंद्राची मुलगी आहे, दुसरी वळ्ळी शिकाऱ्यांच्या वस्तीत वाढलेली, धान्याचे शेत राखणारी. मुरुगनसुद्धा तिच्यापुढे म्हाताऱ्याच्या वेषात जातो. इतक्या अंतरावर, इतक्या वेगळ्या भाषांत तोच योद्धा आणि तीच रानातली मुलगी भेटत असेल तर एखाद्या कवीची कल्पना हे कारण पुरत नाही. दख्खनात आणि त्याच्या दक्षिणेलाही शेत आणि रान यांना एकमेकांची गरज होती, आणि जिथे ती गरज होती तिथे हे लग्न लागले.

यावर पहिला आक्षेप धर्मग्रंथाच्या बाजूने येतो. बाणाई माणूस आहे हेच मुळात चुकीचे, ती गंगेचा अवतार आहे आणि म्हाळसा पार्वतीचा, असे मल्हारी माहात्म्याच्या परंपरेत सांगितले जाते. काही धनगर कथांतही ती इंद्राची लेक असून वारुळाजवळ धनगराला सापडली असे येते. मग मर्त्य स्त्री उरते कुठे? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा काळ पाहिला पाहिजे. रा. चिं. ढेरे आणि सोन्थायमर यांनी संस्कृत माहात्म्याची रचना साधारण १४६० ते १५१० या दरम्यानची मानली आहे, आणि सिद्धपाळ केसरी याची मराठी आवृत्ती १५८५ ची. ज्या काळात रानातला, कुत्र्यासह हिंडणारा, भंडारा उधळणारा हा देव शिवाचा अवतार म्हणून पुराणात बसवला जात होता, त्या काळात त्याच्या बायकांनाही पुराणात जागा द्यावी लागली. म्हाळसेच्या बाबतीत हे सोपे गेले, कारण तिच्या नेवाशात मोहिनीराजाचे देऊळ आधीच होते आणि मोहिनीशी तिचा सांधा जुळवता आला. बाणाईला गंगा करण्यात मात्र एक अडचण राहिली, आणि ती परंपरेला कधीच लपवता आली नाही. ती गंगा असती तर देवाला बारा वर्षे चाकरी करण्याची गरज काय होती? शिवाच्या जटेत बसलेल्या गंगेसाठी कोणी मेंढरे राखत नाही. म्हाळसेने तिच्या अंगाला वास येतो म्हणण्याचे कारण काय? गंगेला असे कोण बोलेल? अवताराची कल्पना कथेच्या दोन टोकांना चिकटवलेली आहे, मधला सगळा भाग तिच्याविना चालतो. वारुळात सापडलेल्या मुलीचेही तसेच. तिचा जन्म दैवी सांगून झाल्यावर गाणे तिला लगेच वाड्यावर आणते आणि तिथून पुढे ती धनगराच्या मुलीसारखीच वागते, बोलते, भांडते. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर खुद्द खंडोबालाच बळीराजाच्या राज्यातला अधिकारी ठरवून माणसांत आणले. त्यांच्या व्युत्पत्ती आज कोणी स्वीकारणार नाही, आणि देव म्हणजे कोणीतरी विस्मृतीत गेलेला सरदार एवढ्यावर हा विषय संपतही नाही. पण दैवतकथेच्या तळाशी राबणाऱ्या लोकांचा इतिहास आहे, ही त्यांची दिशा बरोबर होती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेंढरे मारून मग लग्नाची अट घालणे ही बरोबरी कशी? ज्या घराचे सगळे धन कळपात आहे त्या घराचा कळप मारला तर बापाने मुलगी देण्याखेरीज काय करावे? बानूची इच्छा येथे विचारलीच जात नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी या कथेला निखळ प्रेमकथा म्हणत नाही. पशुपालकांवर सत्ता गाजवू पाहणाऱ्या प्रत्येक राजाने त्यांच्या कळपावरच हात टाकला. चराईचा कर, जप्ती, रोगाच्या साथी, दुष्काळ यांत एका रात्रीत कळप जाणे हा धनगराचा सर्वांत मोठा धाक. गाण्याने तो धाक देवाच्या तोंडी घातला आहे आणि तसे करताना देवाचे काहीही सुशोभित केलेले नाही. पण कथेचा हिशेब तिथे संपत नाही. मेंढरे उठवल्यावाचून त्याला मुलगी मिळत नाही. कळप परत उभा करणे, कोकरांसह, हीच शेवटी लग्नाची किंमत ठरते. ज्याला मरण नाही त्याची सगळी शक्ती दुसऱ्याच्या जनावरांना जगवण्यात खर्ची पडते. मारण्याची ताकद कोणत्याही सरदाराकडे होती. कळप जगवणारा सत्ताधीश धनगरांना हवा होता, आणि त्यांनी तसा देव मागून घेतला. यात जबरदस्ती आहे आणि सौदाही आहे. इतिहासातले बहुतेक करार असेच दोन्ही मिळून झाले आहेत.

आता त्या प्रथेकडे वळतो जिच्यामुळे या विषयावर लिहिताना हात जड होतो. मूल होत नाही, दुखणे बरे होत नाही, तेव्हा खंडोबाला नवस बोलला जाई आणि नवस फेडताना मुलगी देवाला वाहिली जाई. भंडारा उधळून, कवड्यांची माळ घालून तिचे लग्न देवाशी लागे आणि ती मुरळी होई. मुलगा वाहिला तर तो वाघ्या. शब्दशः पाहिले तर हे अमर योद्ध्याचे मर्त्य स्त्रीशी लग्न होते, गाण्यातल्यासारखेच. नवरा मरत नाही म्हणून तिचे कुंकू कधी पुसले जात नाही, असा तिचा मान सांगितला जाई. विधवेच्या वाट्याला काय येत असे ते ठाऊक असलेल्या समाजात या शब्दांना मोल होते. प्रत्यक्षात न मरणारा नवरा म्हणजे न सांभाळणारा नवरा. तो घर देत नाही, मुलांना नाव देत नाही, म्हातारपणी भाकरी देत नाही. मुरळी प्रामुख्याने महार, मांग आणि गरीब शेतकरी-मेंढपाळ घरांतून येत, आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे पुरुष गावात बसलेले असत. देवाच्या अमरत्वाचा फायदा मर्त्य पुरुषांनी घेतला, हे या प्रथेचे एका वाक्यातले वर्णन आहे.

म्हणून तिसरा आक्षेप असा येतो की बाणाईची गोष्ट हीच मुरळी प्रथेचे मूळ आहे आणि तिचे कौतुक करणे म्हणजे त्या प्रथेला आधार देणे. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण कथेच्या तपशिलात आहे. बानूच्या लग्नात राबतो तो नवरा, मुरळीच्या लग्नात राबते ती मुलगी. बानूच्या बापाला कळप परत मिळतो, मुरळीचा बाप मुलगी देऊन मोकळा होतो. बानूला जेजुरीच्या डोंगरावर स्वतःचा वाडा आहे आणि सवतीशी भांडण्याचा हक्क आहे. मुरळीला कोटंब्यात पडेल ते दान आहे. प्रथेने कथेतून लग्नाचा सांगाडा उचलला आणि बारा वर्षांची चाकरी मागेच ठेवली. धनगर समाजाकडे कळप होता, फिरण्याची मोकळीक होती, अट घालण्याची ताकद होती, म्हणून त्यांच्या लेकीचे गाणे असे झाले. ज्यांच्याकडे यांतले काहीच राहू दिले नव्हते त्यांच्या मुलींच्या वाट्याला त्याच देवाच्या नावाने मुरळीपण आले. हा फरक देवाच्या इच्छेचा नव्हता, सौद्यात कोणाच्या हाती काय होते याचा होता. सुधारकांनी तो ओळखला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून मुली मुरळी म्हणून देवाला सोडण्याविरुद्ध लिहिले आणि मुरळ्यांनी माणसांशी लग्ने करून संसार थाटावेत असा आग्रह धरला. विठ्ठल रामजी शिंदे त्याच प्रश्नावर काम करत होते. शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगतिणी आणि मुरळ्या सोडण्याला कायद्याने बंदी केली, मुंबई इलाख्यात १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आला, आणि महाराष्ट्राने २००५ चा निर्मूलन अधिनियम केला. या माणसांनी देवाच्या बायकोला पुन्हा मर्त्य मानले. तिला भूक आहे, म्हातारपण आहे, तिच्या मुलांना बापाचे नाव लागते, हे त्यांनी कायद्यापुढे आणले. बाणाईच्या गाण्याशी ही भूमिका विसंगत नाही. ती त्या गाण्याच्या जास्त जवळ आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, भाविकाचा. लेंडीखत, चराई आणि घरजावई यांत बसवून या भक्तीतला जिव्हाळा हरवत नाही का? जागरणाला रात्रभर बसलेला माणूस आर्थिक करार ऐकायला बसत नाही. मान्य. पण जिव्हाळा कशाबद्दल आहे ते पाहावे. खंडोबाच्या पालीला म्हाळसेशी देवाचे लग्न पौषात लागते आणि चंदनपुरीची यात्राही पौष पौर्णिमेला भरते. माणसे ज्या महिन्यात लग्ने टाळतात त्या महिन्यात देव आपली लग्ने ठेवतो, इतका तो वेगळा आहे. तरीही भक्ताच्या मनात घर करून राहतो तो बायकोशी पैज हरून घराबाहेर पडलेला, कोकरू खांद्यावर घेतलेला, चाकर म्हणून बोलणी खाणारा खंडोबा. लग्नानंतर जेजुरीला गेलेला नवरा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो, तेव्हा त्याच्याकडूनही थोडी चाकरीच घेतली जाते. २०१४ साली 'जय मल्हार' मालिका सुरू झाली आणि बानू घराघरांत पोचली, अगदी जिथे धनगराचा वाडा कधी उतरला नव्हता अशा इमारतींतही. तिचे गोड बोलणे लोकांना आवडले, ते आवडण्यासारखेच आहे. पण ते आवडताना तिच्यामागचा कळप दिसेनासा होऊ नये. रासायनिक खत आले, मग खाचरांवर गोदामांचे पत्रे आले, चराईच्या वाटा कुंपणांनी तुटल्या, आणि शेतकऱ्याला धनगराची गरज वाटेनाशी झाली. आज घाट उतरणारा मेंढपाळ रस्त्याच्या कडेने कळप हाकत जातो आणि कोणाच्या शेतात बसायचे हे ठरवण्याची ताकद त्याच्या हातून गेली आहे. बाणाईचे गाणे ज्यांनी रचले त्यांच्याकडे ती ताकद होती. देवाला त्यांच्या वाड्यावर बारा वर्षे काढावी लागली ती त्यामुळेच.